पंप उतरवल्यानंतरचा आजार

फवारणीच्या कामावर माणूस ठेवण्याआधी डॉक्टरकडून त्याची तपासणी करून घ्यावी, पुढेही ठरावीक काळाने ती होत राहावी, आणि तो ऑर्गनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटातली औषधे हाताळत असेल तर त्याच्या रक्तातले कोलिनेस्टरेझ महिन्याच्या महिन्याला मोजावे, असा नियम भारतात १९७१ पासून आहे. कीटकनाशक कायदा १९६८ चा, त्याचे नियम तीन वर्षांनी आले, आणि ही तरतूद त्यातल्या सदतिसाव्या नियमात आहे. अहवाल कोणत्या नमुन्यात ठेवायचा तेही तिथे नमूद आहे. वर्धा जिल्ह्यातल्या देवळी किंवा समुद्रपूर तालुक्यातल्या एखाद्या सालदाराला हा नियम वाचून दाखवला, तर कोणी तरी थट्टा करते आहे असेच त्याला वाटेल.

कोलिनेस्टरेझच का मोजायचे, याला कारण आहे. नसेकडून स्नायूला निरोप जातो तो असिटिलकोलिन नावाच्या रसायनामार्फत. निरोप पोचला की ते रसायन ताबडतोब मोडून टाकणे हे कोलिनेस्टरेझ या विकराचे काम. ऑर्गनोफॉस्फेट नेमके त्यालाच जायबंदी करते. मग निरोप थांबतच नाहीत. घाम फुटतो, लाळ गळते, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, पोटात पीळ पडतो, दंड-मांड्या आपोआप फडफडतात, आणि मात्रा मोठी असेल तर श्वास अडकतो. अळी मरते ती अशीच. माणूस बहुधा वाचतो, कारण त्याचे वजन जास्त असते आणि दवाखान्यात अॅट्रोपिन असते.

पण थोडी थोडी मात्रा रोज अंगात जात राहिली तर या विकराची पातळी मुकाट्याने खाली येते, आणि ती भरून यायला आठवडे, कधी महिने लागतात. त्या काळात माणूस वरून धडधाकट दिसतो. त्याची पातळी निम्म्यावर आली आहे हे त्यालाही ठाऊक नसते, आणि एरवी पचून गेला असता असा एक पंप त्याला आडवा करतो. म्हणून महिन्याची तपासणी. कॅलिफोर्नियाने शेतात औषधे हाताळणाऱ्या कामगारांसाठी १९७४ मध्ये अशी तपासणी सुरू केली. तिथे पातळी वीस टक्क्यांनी घसरली की कामाची पद्धत तपासतात, त्याहून बरीच खाली गेली की त्या माणसाला औषधापासून दूर ठेवतात. आपला नियम त्यांच्याहून तीन वर्षांनी थोरला. फरक एवढाच की तिकडे रक्त खरोखर काढतात.

वर्धा जिल्ह्यात जुलै ते ऑक्टोबर हा फवारणीचा हंगाम. पराटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, आधी मावा-तुडतुडे, मग पांढरी माशी, पुढे गुलाबी बोंडअळी. सोयाबीनवर चक्रीभुंगा आणि खोडमाशी. पाठोपाठ तुरीवर शेंगा पोखरणारी अळी. सकाळी चहावर निघालेला माणूस पाठीवर पंप चढवतो. टाकीत दोन-तीन औषधे एकत्र असतात, वर एखादे टॉनिक. कशात काय मिसळायचे हे बहुतेक वेळा कृषी केंद्राचा दुकानदार सांगतो. त्याच्याकडे उधारीही असते, त्यामुळे त्याचा शब्द मोडवत नाही. वारा फिरला की तुषार तोंडावर. नोझल तुंबले की तोंडाने फुंकायचे. पंप गळका असेल तर पाठ दिवसभर ओली. विहिरीवरून किंवा नाल्यावरून पाणी आणून ड्रममध्ये औषध कालवणारी मात्र बहुधा बाई असते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच तासात निंदायला बसणारीही बाईच. फवारणीच्या कोणत्याही सरकारी माहितीपत्रकावर चित्र असते ते पुरुषाचे.

संध्याकाळी डोके जड होते. मळमळते, डोळ्यांपुढे अंधारी येते, अंगाची आग होते, हातापायांना मुंग्या येतात. आंघोळ, लिंबू-साखरेचे पाणी, फारच झाले तर गावातल्या डॉक्टरकडून एक सलाईन. पित्त झाले, ऊन लागले, उपाशी होता, अशी कारणे घरातच ठरतात. दोन खाडे पडतात आणि तिसऱ्या दिवशी तो पुन्हा वावरात. या आजाराची कुठे तरी ओळभर नोंद व्हावी, तर त्यासाठी त्याला आणखी बराच आजारी पडावे लागते.

जो तेवढा आजारी पडतो त्याला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा सावंगीच्या आचार्य विनोबा भावे रुग्णालयात नेतात. तिथे पहिला प्रश्न असतो: प्यायला का? विदर्भाचा इतिहास पाहता तो विचारावाच लागतो. विषाची केस म्हणजे पोलिसांत कळवायची केस. जबाब, पंचनामा, गावात कुजबुज. फवारताना बाधा झाली एवढे सांगून सुटका होत नाही, म्हणून पुष्कळ घरे मोठ्या दवाखान्याची पायरी चढायचे टाळतात. आजार लपवण्यासाठी जी कारणे क्षयाला आणि कुष्ठरोगाला एके काळी होती, त्यातली निम्मी फवारणीच्या बाधेलाही आहेत.

वर्धा नदीच्या पलीकडे यवतमाळात २०१७ साली हे झाकून ठेवणे अशक्य झाले. त्या वर्षी पराटी माणसाच्या डोक्याहून उंच वाढली, त्यामुळे फवारा पायाशी न पडता चेहऱ्याशी पडत होता. बोंडअळीने बीटी कापसाला जुमानले नाही. फवारण्या वाढल्या, औषधांचे मिश्रण तीव्र झाले, बॅटरीवर आणि पेट्रोलवर चालणाऱ्या नव्या पंपांतून तुषार जास्त बारीक आणि जास्त वेगाने निघत होते. हवा दमट होती. जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत एकट्या यवतमाळ जिल्ह्यात आठशेहून अधिक शेतकरी-शेतमजूर दवाखान्यात दाखल झाले, किमान वीस जण दगावले. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले. मोनोक्रोटोफॉसवर कायमची बंदी घालावी, अशी शिफारस त्याने केली. राज्य सरकारने त्या नोव्हेंबरात पश्चिम विदर्भातल्या जिल्ह्यांपुरती पाच औषधांची विक्री साठ दिवसांसाठी थांबवली. साठच दिवस, कारण १९६८ च्या कायद्याने राज्याला सुरुवातीला तेवढ्याच मुदतीचा अधिकार दिला आहे. वर्धा नागपूर विभागात मोडत असल्याने त्या यादीत त्याचे नाव नव्हते. नदीच्या दोन्ही काठांवर पीक तेच, अळी तीच.

मोनोक्रोटोफॉसची गोष्ट याहून जुनी आहे. २००५ पासून भाजीपाल्यावर त्याला बंदी होती. २०१३ च्या जुलैत बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या मध्यान्ह भोजनात ते उतरले आणि २३ मुले गेली. जागतिक अन्न व कृषी संघटनेने तेव्हाच विकसनशील देशांना ते बाजारातून काढायला सांगितले. भारताने त्याची नोंदणी रद्द केली ती २०२३ मध्ये, आणि तीही हाताशी असलेला साठा मुदत संपेपर्यंत विकायची मोकळीक ठेवून. यवतमाळच्या प्रकरणातले एक टोक मात्र दूर पोचले. ५१ बाधित कुटुंबांच्या वतीने सप्टेंबर २०२० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सिंजेंटा कंपनीविरुद्ध तक्रार दाखल झाली, आणि दोन विधवा व एक वाचलेला शेतकरी यांनी बासेल इथे भरपाईचा दावा लावला. त्यांचे म्हणणे होते की ‘पोलो’ या डायफेन्थियुरॉन असलेल्या औषधाने बाधा झाली. कंपनीने ते नाकारले. डायफेन्थियुरॉन हे ऑर्गनोफॉस्फेट नव्हे, त्याला अॅट्रोपिनचा उतारा लागू पडत नाही, आणि कोलिनेस्टरेझची तपासणी त्याची बाधा दाखवतही नाही. एवढ्यावरून एक तपासणी म्हणजे सगळा इलाज नव्हे, हे आधीच मान्य करायला हवे.

मरण मोजले गेले, दवाखान्यातले दाखले मोजले गेले. घरी परत गेल्यावर या शेकडो माणसांचे काय झाले हे मात्र कुणी मोजले नाही, आणि प्रश्नाचा मोठा भाग तिथेच आहे.

‘मले आता त्या दवाईचा वासच सोसत नाही,’ हे वाक्य वऱ्हाडात नवे नाही. एकदा जबर बाधा झालेला माणूस पुढच्या हंगामात धुऱ्यावर उभा राहिला तरी त्याला गरगरते. शेजारच्या वावरात फवारा सुरू झाला की याच्या छातीत धडधड. पुढे पुढे फिनेल, ऑइल पेंट, मच्छर अगरबत्ती, धान्यात ठेवायच्या गोळ्या, कुणाच्या कपड्यांचा सेंट, असे एकेक करून सगळेच नकोसे होते. डोके ठणकते, विसरायला होते, थकवा जात नाही. रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या नॉर्मल येतात. डॉक्टर म्हणतो टेन्शन घेऊ नका. घरचे म्हणतात काम नको म्हणून सोंग. तेच बाईच्या वाट्याला आले तर ‘नाटकं’ हा शब्द तयारच असतो, आणि एखाद्या घरात अंगारेधुपारेही होतात. धुपाचा धूर तिच्या त्रासात भर घालतो ही वेगळीच शोकांतिका.

पाश्चात्त्य देशांत या दुखण्याची चर्चा सत्तर वर्षे चालू आहे. शिकागोचे ॲलर्जीतज्ज्ञ थेरॉन रँडॉल्फ यांनी १९५० च्या दशकात अशा रुग्णांविषयी लिहायला सुरुवात केली. येल विद्यापीठातले मार्क कलेन यांनी १९८७ मध्ये त्याला बहुरासायनिक संवेदनशीलता असे नाव देऊन व्याख्या केली: आधी एखाद्या रसायनाशी ठळक संपर्क, नंतर एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक रसायनांच्या अगदी थोड्या मात्रेने अनेक अवयवांना त्रास. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने १९९६ मध्ये बर्लिनला भरलेल्या बैठकीत, कारण सिद्ध नसल्याने रसायनांचा उल्लेख नसलेले नाव सुचवले गेले. २००६ मध्ये ३७ चाचण्यांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. समोर काय आहे हे रुग्णाला कळू न देता रसायन किंवा साधी हवा हुंगवली, तर अशा रुग्णांना दोन्हींत सारखाच त्रास होतो, असा त्याचा सूर होता. म्हणजे वास ओळखणे आणि त्रासाची अपेक्षा असणे यांचा यात मोठा वाटा असावा. हे निष्कर्ष रुग्णांच्या संघटनांना मान्य नाहीत. वाद मिटलेला नाही.

शिकागोतला वाद वर्ध्यात जसाच्या तसा आणण्यात मात्र अर्थ नाही. नव्या गालिच्याच्या वासाने आजारी पडलेल्या माणसाबाबत मुळात विष होते का, असा प्रश्न विचारता येतो. हिंगणघाटच्या शेतमजुराबाबत विष होतेच; ते त्याने तीन महिने पाठीवर वाहिले. त्याच्या शरीराने त्या वासाची आणि त्या गुदमरण्याची गाठ बांधली असेल, तर तिला मनाचा खेळ म्हणून निकालात काढणे हा उलटा न्याय झाला. गाठ नसांत पडली की स्मृतीत, हे संशोधकांनी सावकाश ठरवावे. माणूस कामाला जाऊ शकत नाही, हे आजचे वास्तव आहे.

या मजुराच्या सर्वांत जवळचे उदाहरण अमेरिकेतले नाही, ब्रिटनमधल्या मेंढपाळांचे आहे. मेंढ्यांच्या खरजेवर उपाय म्हणून तिथे मेंढ्यांना औषधाच्या हौदात बुचकळणे १९७६ पासून १९९२ पर्यंत कायद्याने सक्तीचे होते, आणि पुष्कळदा ते औषध ऑर्गनोफॉस्फेट असे. हौदाच्या दिवसानंतर येणाऱ्या कणकणीला मेंढपाळ ‘बुचकळ्याचा फ्लू’ अशा अर्थाचे नाव देत. पुढे त्यांच्यातल्या अनेकांनी कायमचा थकवा, विस्मरण, नैराश्य, रसायने न सोसणे अशा तक्रारी केल्या, आणि बरीच वर्षे त्यांना वेड्यात काढले गेले. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मँचेस्टरच्या संशोधकांचा अभ्यास आला. शरीरातले ऑर्गनोफॉस्फेट फोडणारे पॅराऑक्सोनेज नावाचे एक विकर असते आणि त्याचा जनुक सगळ्यांत सारखा नसतो. आपले दुखणे हौदामुळेच आहे असे म्हणणाऱ्या मेंढपाळांत या जनुकाची कमी ताकदीची रूपे जास्त आढळली. २०२२ मध्ये आखाती युद्धातल्या अमेरिकी सैनिकांवरच्या एका अभ्यासाने सारिन वायूच्या संदर्भात याच जनुकाकडे बोट दाखवले. सारिन हेही ऑर्गनोफॉस्फेटच. एकाच वावरात, एकाच पंपाने फवारणाऱ्या दोन भावांपैकी एक ठणठणीत आणि दुसरा अंथरुणाला, याचे एक कारण इथे असू शकते. ‘त्याले काही होत नाही, तुलेच कसं होते?’ हा प्रश्न निदान इतक्या खात्रीने विचारू नये.

शरीर एखाद्या गोष्टीला कायमचे नाकारू लागते हे महाराष्ट्राला नवे नाही. गाजर गवत पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नोंदले गेले आणि पुढे देशभर पसरले. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याने काही लोकांना त्वचेचा असा विकार होतो की पापण्या सुजतात, मान आणि कोपराच्या घड्या फाटतात, आणि वाऱ्याबरोबर उडणारी गवताची पूडही पुरते. वर्षानुवर्षे गवतात काम करून काही न झालेला शेतकरी एक दिवस संवेदनशील होतो आणि मग होतच राहतो. त्याला कुणी ढोंगी म्हणत नाही. त्वचा सगळ्यांना दिसते, पॅच टेस्टही आहे. गवत नष्ट करायला दरवर्षी ऑगस्टात देशभर सप्ताह पाळला जातो, मेक्सिकोतून आणलेले भुंगे सोडले जातात. फवारणीच्या बाधेला असा पुरळ उठला असता, तर कदाचित तिचाही सप्ताह झाला असता.

कापसाच्या कारखान्यांतही हेच घडून गेले आहे. सूतगिरणीत कापसाच्या धुळीने कामगारांची छाती आवळते, आणि ती सर्वांत जास्त आवळते ती सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, सोमवारी. सोमवारीच दम लागतो म्हटल्यावर मुकादमाला काय वाटत असेल ते सांगायला नको. ब्रिटनने १९४१ मध्ये या बिसिनोसिसला भरपाईपात्र ठरवले; आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टातही तो आला. पुलगाव आणि हिंगणघाट ही तर कापूसगिरण्यांचीच गावे. कापूस गिरणीत शिरल्यावर माणसाला देतो त्या आजाराला कायद्यात नाव मिळाले. तोच कापूस वावरात उभा असताना जो आजार देतो त्याला ते अजून मिळायचे आहे. तसे १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात ऑर्गनोफॉस्फरस विषबाधा व्यावसायिक रोग म्हणून नोंदली गेली होती. रोजंदारीवर चार शेतकऱ्यांकडे फवारणाऱ्या मजुराने यातला मालक कोणता म्हणून दाखवायचा, हे कोणी सांगितले नाही.

राज्याची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. औषध हाताळताना विषबाधेने मृत्यू झाला तर दोन लाख, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गेले तर दोन लाख, एक गेला तर एक. लाभ सातबाऱ्यावर नाव असलेल्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. म्हणजे भूमिहीन मजूर बाहेर, जो विदर्भात फवारणीला सर्वांत जास्त जातो. आणि ज्याचे हात, पाय, डोळे शाबूत आहेत पण ज्याला वावरात उभे राहवत नाही, तोही बाहेर.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात स्नोफ्लेक नावाचे गाव आहे. रसायने न सोसणारी काही कुटुंबे तिथल्या उजाड माळावर जाऊन राहिली. सुगंधी साबण नाही, नवे फर्निचर नाही, पाहुण्याने आंघोळ करून धुतलेले कपडे घालून यायचे. हे करायला गाठीशी पैसे लागतात आणि सोडून जाण्यासारखे घर लागते. आर्वीच्या शेतमजुराने कुठे जायचे? चारही बाजूंनी पराटी. एखाद्या भल्या माणसाने इथे येऊन त्याला मातीच्या घराचे गुण सांगावेत हेही शक्य आहे, कारण सेवाग्रामची बापू कुटी याच जिल्ह्यात आहे: माती, बांबू, लाकूड, कौले, वारा खेळता. रंगाचा आणि प्लायवूडचा वास न सोसणाऱ्याला अशा खोलीत खरोखर बरे वाटेल. पण आजचे मातीचे घर बापू कुटी नाही. त्यात चूल धुमसते, कोपऱ्यात युरियाचे पोते असते, आणि अर्धी उरलेली बाटली मुलांचा हात पोचू नये म्हणून आढ्याला टांगलेली असते. झोपायच्या जागेच्या बरोबर वर.

यावर सरकारी उत्तर ठरलेले आहे: सुरक्षा किट वापरा. मास्क, चष्मा, हातमोजे, ॲप्रन. सप्टेंबरच्या दुपारी, गुडघाभर चिखलात, डोक्याएवढ्या पराटीत रबरी ॲप्रन घालून कुणी तरी अर्धा तास फवारून दाखवावे. अन्न व कृषी संघटना आणि आरोग्य संघटना यांच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत स्पष्ट म्हटले आहे की, ज्या कीटकनाशकांना त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधने लागतात ती टाळावीत, विशेषतः उष्ण हवामानातल्या लहान शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या बाबतीत. माणसाला गुंडाळण्याआधी औषध बदला, असा त्याचा सरळ अर्थ. वर्ध्यात त्यासाठी दूर जावे लागत नाही. गोपुरीच्या चेतना-विकास आणि धरामित्र या संस्थांनी विषाशिवाय कापूस, तूर, ज्वारी कशी घ्यायची याचे काम वर्षानुवर्षे याच जिल्ह्यात केले आहे. सगळा जिल्हा उद्या त्या वाटेने जाईल अशी आशा भाबडी आहे. निंबोळी आणि दशपर्णी अर्काचा वास काही कमी उग्र नसतो, आणि रसायन न सोसणाऱ्याला तो सोसेलच असेही नाही. पण ज्याला एकदा बाधा झाली आहे त्याच्या दोन एकरांपासून, कृषी खात्याच्या खर्चाने, सुरुवात करायला हरकत कोणाची?

घराबाहेरच्या काही गोष्टी तर जवळजवळ फुकट होतील. पावसाळ्यानंतर डेंग्यू वाढला की नगरपरिषदा धूरफवारणी करतात. डिझेलमध्ये मिसळलेले मॅलॅथिऑन त्यात पुष्कळदा असते, आणि तेही ऑर्गनोफॉस्फेटच. गाडी कोणत्या गल्लीत किती वाजता येणार, हे आदल्या दिवशी घंटागाडीच्या भोंग्यावरून सांगितले तर दमेकरी, गरोदर बाया आणि हे रुग्ण दोन तास दुसरीकडे जाऊन बसतील. शेजारच्या वावरातल्या फवारणीची सूचना आदल्या संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकता येते. शाळेची रंगरंगोटी मे महिन्यात उरकता येते. दवाखान्यात एक बाक फिनेलच्या खोलीपासून लांब ठेवता येतो. यातल्या कशासाठीही बहुरासायनिक संवेदनशीलता हा आजार शास्त्राला मान्य असण्याची गरज नाही.

नोंदीचा मार्गही जुनाच आहे. १९६८ च्या कायद्याच्या सव्विसाव्या कलमाप्रमाणे राज्य सरकार राजपत्रात अधिसूचना काढून, कीटकनाशकाच्या वापरातून झालेली प्रत्येक विषबाधा कळवणे कोणत्याही व्यक्तीला किंवा व्यावसायिकाला बंधनकारक करू शकते. कोणत्या अधिकाऱ्याला कळवायचे तेही सरकारनेच ठरवायचे. ‘प्रत्येक’ या शब्दात सलाईन लावून घरी पाठवलेला माणूसही येतो. ही माहिती पोलिसांच्या कागदांपासून वेगळी ठेवली, गावातल्या खासगी डॉक्टरांनाही कळवणे सोपे केले, आणि सहा महिन्यांनी आशा कार्यकर्तीने त्याच घरी जाऊन चार प्रश्न विचारले, तर फवारणीनंतर रसायने न सोसणारी माणसे किती आहेत हे पहिल्यांदा कळेल. त्यात पुरुष किती, बाया किती, जमिनीचे किती, बिनजमिनीचे किती, हेही.

रक्ततपासणी आठही तालुक्यांत एकदम सुरू करायची गरज नाही. एका जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत; त्यातले सेवाग्रामचे डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये खेड्यांसाठी म्हणूनच उभे केले. प्रत्येकाने दोन प्राथमिक आरोग्य केंद्रे घेतली, फवारणारे पुरुष आणि औषध कालवणाऱ्या बाया दोघांनाही तपासले, तरी तीन हंगामांत पुष्कळ समजेल. पहिला नमुना मात्र जूनमध्ये, पेरणी आटोपून पंप बाहेर निघण्याच्या आधी घ्यावा लागेल. कोलिनेस्टरेझची मूळ पातळी माणसागणिक वेगळी असते, आणि ती हातात नसेल तर सप्टेंबरचा आकडा घसरलेला आहे की मुळातलाच आहे, हे कोणत्याही डॉक्टरला सांगता येत नाही.